एका रुळावरची ओ

माझे सासरे मागे वळून पाहत नसत. मागून कोणी हाक मारली की जागच्या जागी थांबायचे, आणि हाक मारणारा वळसा घालून पुढ्यात येईपर्यंत तसेच उभे राहायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. डोक्यावर पदर, हातात ताकाचा गडवा, आणि मी शेताच्या पांदणीत सासऱ्यांच्या पाठीला "मामाजी, मामाजी" करत उभी. ते हलेनात, वळेनात. शेवटी चिखलातून फेरा घालून समोर गेले तेव्हा म्हणाले, "आन." जसं काही झालंच नाही. मला असा राग आला होता! वाटलं, नव्या सुनेला जोखून राहिलेत.

त्याच घरात दुसरं एक माणूस होतं, ते कधी हाक मारत नसे. मामाजींच्या थोरल्या भावाची बायको. तिला आम्ही मोठीमाय म्हणायचो. तरुणपणीच विधवा झालेली. बोलायची, पण इतकं हळू की चुलीवर फोडणी चर्र वाजली तर तिचे शब्द त्यात बुडून जात. गाय दावं तोडून पळाली तरी ओरडायची नाही, स्वतः धावत जाऊन दोर धरायची. आणि मामाजींशी तर एक अक्षर नाही. भावजयीने दिराची थट्टा करावी, टोमणे मारावेत, ही आमच्याकडची रीत. ही त्यांच्यापुढे भाताचं ताट ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. ताटातला भात संपताना दिसला की न विचारता वाढायची. सासू मी यायच्या आधीच वारली होती. म्हणजे घरात एक मागे न पाहणारा, एक हाक न मारणारी, माझे मालक, आणि बडबडी मी. बापाने मला कुठे देऊन टाकलं, असं मी पहिल्या वर्षात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

मी गोंदियाची. बाप रेल्वेत, घर लाइनीच्या कडेला. आमच्याकडे बोलणं निम्मं हिंदी, आणि रूळ सदा वाजत असलेले. बडी लाइन, छोटी लाइन, दोन्ही अंगणातल्यासारख्या. रुळाला कान लावून गाडी कुठवर आली ते सांगायचा खेळ आम्ही मुली खेळायचो आणि बापाचा मार खायचो. सासर मिळालं ते केशोरीकडे, धानाच्या बांध्यांत, जिथे रेल्वे म्हणजे बाजाराला जाऊन आलेल्यांच्या गप्पांतली गोष्ट. गावाजवळ होतं ते तळं. आमच्याच घराण्यातल्या कोणा पूर्वजाने मातीची पाळ घालून ते बांधलं, असं सांगत. देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती, मालगुजारी गेली होती, पण पाळीतून पाणी झिरपायला लागलं की लोक अजूनही आमच्याच दारात येऊन उभे राहायचे.

पहिल्या उन्हाळ्यात मोठीमाय मला मोह वेचायला जंगलात घेऊन गेली. सकाळची वेळ, गावच्या बाया झाडाझाडाखाली पांगलेल्या. मोहाची फुलं जशी माणसाला लागतात तशी अस्वलालाही लागतात. म्हणून बाया सारख्या हाका देत राहायच्या. कोणीतरी "हायस काऽऽ?" म्हणायची, आणि जिच्या कानावर पडेल तिने "ओऽऽ" द्यायची. हाक कोणाची, कोणासाठी, असं विचारायचं नाही. हाक पडली की ओ गेलीच पाहिजे. नाही गेली, तर सगळ्या टोपल्या टाकून कुऱ्हाडी घेऊन धावत सुटायच्या, कारण कोणीतरी अस्वलाच्या पंजात सापडलेली असणार. मोहाचा हंगाम संपेतो माझीही जीभ तशीच वळली. घरी भांडी घासताना शेजारीण तिच्या पोराला हाक मारायची आणि मी इकडून ओ द्यायची. सगळे हसायचे.

मोठीमाय मात्र ओ देत नसे. तिच्या पदराच्या गाठीत एक गोटा असायचा. हाक आली की ती त्या गोट्याने झाडाच्या खोडावर टक टक मारायची. बायांना सवय झाली होती. "नवरा मेला तवापासून आवाज चढवत नाही थे," एवढंच म्हणायच्या. मला ते टक टक सहन होत नसे. चहूकडून माणसांचे आवाज येतात, आणि एकाच बाजूने लाकडावर दगड वाजतो.

त्याच जंगलात मी तो रूळ पाहिला. पाय अडखळला म्हणून पाला सारला, तर खाली लोखंड. गंजून लाल झालेलं, पण रूळच. रेल्वेवाल्याच्या मुलीला रूळ ओळखू येणार नाही का? मी दुसरा रूळ शोधायला लागले. एक आहे म्हणजे दुसरा हवाच की. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं, नव्हता. एकच रूळ, धोंड्यांमधून वळत वळत झाडीत शिरलेला. मी हसून म्हटलं, "अवं मोठीमाय, अर्धी रेल्वे कोनी चोरून नेली वाटते!" तिने पायाने पाला पुन्हा रुळावर लोटला आणि टोपली उचलून घरची वाट धरली. झाडाखाली अजून फुलं पडलेली होती.

घरी येऊन मालकांना विचारलं. ते म्हणाले, "थे लंगडी. बाबाले नोको विचारू."

"काऊन?"

"नोको विचारू म्हनलं ना."

मला नको म्हटलं की झालंच. शेजारणींकडून, तळ्यावर न्हाणाऱ्या म्हाताऱ्यांकडून, बाजाराच्या वाटेवर, जिथून मिळेल तिथून मी ती गोष्ट काढून घेतली.

इंग्रजांच्या काळात, मामाजी तरणेताठे असताना, जंगलातलं लाकूड बाहेर काढायला एका ठेकेदाराने ती लाइन टाकली होती. दोन रुळांना रुंद, सपाट वाट लागते. एका रुळाला पायवाट पुरते. रुळावर एक लांबट गाडी, तिच्या पोटाखाली एकामागे एक अशी दोन लहान चाकं, दोन्ही बाजूंना काठ असलेली, रूळ धरून चालणारी. गाडी आडवी पडू नये म्हणून तिच्या एका कुशीतून लाकडाचा हात काढलेला, आणि त्याच्या टोकाला बैलगाडीच्या चाकासारखं मोठं चाक, ते रुळाबाहेर जमिनीवरून चालायचं. ओझं सगळं रुळावर, तोल तेवढा त्या चाकावर. ओढायला हल्ये, म्हणजे रेडे. लोकांनी नाव ठेवलं लंगडी. माहेरी गेले तेव्हा बापाला सांगितलं. त्याने ऐकलेलं होतं की तिकडे पंजाबात एका संस्थानात अशीच एका रुळाची गाडी चालायची आणि तिला खेचरं जुंपायचे. "वो राजा लोगों के शौक हैं," असं म्हणून तो हसला. परवा टीव्हीवर मुंबईची एका रुळावरची गाडी दाखवली, उंच खांबांवरून चालते म्हणे. नात विचारते, आजी, भीती वाटते का गं? मी म्हटलं, अगं, मागं कोणी बसलं आहे का, हे पुढचा विचारतो तरी का?

कारण लंगडीत तीच गोष्ट मोठी होती. मामाजी पुढे हल्ये हाकायचे आणि त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे मोठीमायचा नवरा, मागे त्या लाकडी हातावर असायचा. त्याला तोल्या म्हणत. सरळ वाटेवर लाकडं मोठ्या चाकाच्या अंगाला कललेली ठेवत, तिथे तोल्या उतरून पायी चालला तरी चालून जाई. वळणावर मात्र गाडी उलट्या अंगाला जायची. तिथे त्याने हातावर बसून वजन दिलंच पाहिजे. मध्ये लाकडांचा ढीग, पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून वळण आलं की पुढच्याने हाक द्यायची, "हायस काऽऽ?" मागच्याने ओ द्यायची. ओ आली की हल्ये हाकायचे, नाही आली तर थांबायचं.

मोहाच्याच दिवसांत एकदा मामाजींनी वळणाआधी हाक दिली. ओ आली. त्यांनी हल्ये हाकले, आणि लंगडी लाकडांसकट उलटली. भावाने आत्ताच ओ दिली होती, म्हणजे तो लाकडांखालीच सापडला असणार, म्हणून ते एकटे ते सगळे ओंडके उपसत बसले. खाली कोणी नव्हतं. भाऊ पार मागे, नाल्यापाशी पडला होता. पायी चालताना घसरून मोठ्या चाकाखाली आला होता, मांडी फुटली होती. मामाजी पोचले तोवर अंगातलं रक्त वाहून गेलेलं.

मग ओ कोणी दिली?

अर्धं गाव म्हणायचं, मेलेल्या भावानेच दिली. उरलेलं अर्धं म्हणायचं, ह्याने हाक दिलीच नव्हती, आपलं पाप झाकायला ओची गोष्ट रचली. तेव्हापासून मामाजी मागे पाहत नव्हते. आणि मोठीमाय त्यांच्याशी बोलत नव्हती, त्याचा अर्थ सगळ्यांनी एकच लावला होता, की तिचाही विश्वास नाही.

हे सगळं कळल्यावर मला ते घर वेगळंच दिसायला लागलं. जेवताना मामाजींच्या पाठीमागे कोणी जाऊ नये म्हणून ते भिंतीला टेकून बसतात, हे तेव्हा ध्यानात आलं. त्यांच्या पाठीमागे कोणीतरी कायमचंच उभं आहे, असं मलाही वाटायला लागलं, आणि त्यांना ताक द्यायला मी न सांगता फेरा घालून जाऊ लागले.

पुढे एका पावसाळ्यात तळ्याची पाळ खचली. फुटली नाही हे नशीब. गावाने ठरवलं की पुढच्या पावसाआधी पाळ भरून उंच करायची. मुरूम होता तळ्याच्या पार त्या टोकाच्या टेकडीत. पाळ अरुंद, वर झाडं, बैलगाडी जात नाही. टोपल्या डोक्यावरून वाहून काम पुरं होणं शक्य नव्हतं. आमच्या ओट्यावर लोक जमले होते, आणि मालकच बोलून गेले, "लंगडी आनू ना."

मी दाराआड. मामाजी बराच वेळ हातावर तंबाखू चोळत राहिले. मग म्हणाले, "आना. पन हल्ये मीच हाकीन. वळनावळनावर हाक देईन. आन् काम झालं का रूळ जिथचे तिथं नेऊन ठेवायचे."

हातावर कोण बसणार म्हणून कोणीतरी विचारलं. मालक म्हणाले, "मी."

माणसं गेल्यावर मी भांडले. "तुमच्या घरचं भूत, आन् कुंकू माह्यं काऊन पुसायचं?" मालक म्हणाले, "तळं फुटलं त काय खाशीन? भूत खाशीन?"

रूळ काढायच्या दिवशी मी शिदोरी घेऊन जंगलात गेले. बायकांनी तिथे यायचं नाही असं कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, मग भात चालत येईल का? नारळ फोडला, हात जोडले, आणि माणसं रूळ उपटायला लागली. एका ठिकाणी सागाचं खोड रुळाच्या अंगावरून वाढलं होतं, लोखंड अर्धं लाकडाच्या पोटात. तो तुकडा त्यांनी तसाच सोडला. माणसं जेवायला बसली तेव्हा मी लहानपणच्या खोडीने वाकून एका रुळाला कान लावला. गोंदियाचा रूळ कधी गप्प नसतो. गाडी नसली तरी उन्हाने, वाऱ्याने काहीतरी वाजतच असतं. हा रूळ गप्प होता. इतका गप्प की मी घाबरून डोकं वर काढलं, तर समोर मामाजी.

"काय आयकू आलं?" लहान पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"काईच नाही, मामाजी."

ते रुळावर बसले. तंबाखूची डबी उघडली, पुन्हा बंद केली. मग माझ्याकडे न पाहता बोलायला लागले. "मीनं हाक देली होती. ओ आली. बारीक आवाज होता. भाऊचा आवाज भरडा, पन थो बारीक होता. मेल्यावर मानसाचा आवाज बारीक होते म्हनतेत. होत असन. पन सूनबाई, आता मलेच समजत नाही. मीनं हाक देली होती का देलीच नोयती? लोकं म्हनतेत नाही देली. इतके वर्स म्हनून राहिले, त मानूस काय करन? आपलंच डोस्कं आपल्याले खोटं म्हनते. मले काईच नोको. एवढंच समजाले पायजे, ओ कोनं देली. भूत असन त भूत. पन कोनी त देली असन ना?"

माझे डोळे भरून आले. त्या दिवसापासून मला भुताची भीती कमी आणि गावाचा राग जास्त वाटायला लागला.

गावच्या सुताराने लंगडीचं लाकूडकाम नवं करून दिलं. पाळीच्या पाण्याकडच्या कडेने रूळ टाकला आणि मोठं चाक पायवाटेवरून. मामाजी पुढे, मधे मुरमाचा ढीग, मागे हातावर माझे मालक. वळणाशी हाक जायची, "हायस काऽऽ?" आणि मालकांची ओ येईपर्यंत हाताखालची टोपली तशीच राहायची. ओ आली की टोपली भरायची. कितीही वेळा ओ आली तरी पुढच्या हाकेला तीच गत. आणि काम मात्र असं झपाट्याने होत होतं की गाव लंगडीवर खूश. पोरं तिच्यामागे धावायची.

एक दिवस मी आणि मोठीमाय पाळीच्या खालच्या अंगाला झुडपाआड सांडलेला मुरूम गोळा करत होतो. वरून लंगडी येत होती, चाक कुईं कुईं करत होतं. मामाजींची हाक आली, "हायस काऽऽ?" जिभेला कुठे अक्कल असते? मोहाच्या झाडाखाली शिकलेली जीभ ती. मी तोंड उघडलं, आणि ओ बाहेर पडायच्या आत मोठीमायचा हात माझ्या तोंडावर बसला. मुरमाने भरलेला हात, इतक्या जोराने की ओठ दातावर फाटला. वर मालकांनी ओ दिली, लंगडी वळण घेऊन पुढे गेली, तरी ती हात काढीना. मी तिचा हात ओढून काढला.

"मारता का मले, मोठीमाय? काय केलं मीनं?"

"नोको देऊ," ती म्हणाली. "थे हाक तुह्यासाठी नाही. तवा मीनं देली ओ. मोह वेचून राहिली होती. लांबून हाक आली, मले वाटलं बायाच होत. ओ देली. मंग लाकडं पडल्याचा आवाज आला."

मला आधी काही कळेचना. मग कळलं. पाळीवर ऊन होतं, माणसं होती, वर कोणीतरी खळखळून हसत होतं, आणि भर उन्हात मला हुडहुडी भरली. ज्या भुतासाठी मी अंधाऱ्या कोपऱ्यांकडे पाहायला घाबरत होते, ते रोज माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडत होतं.

"संध्याकाळी त्यायनं सगळ्यायसमोर सांगतलं," ती खाली मान घालून म्हणाली, "का मीनं हाक देली, ओ आली. तवाच समजलं मले. बोलाले गेली त आवाजच निघाला नाही. आन् मंग रोज उशीर होत गेला."

"मामाजीले सांगा ना. झुरून राहिला थो मानूस. सारं गाव त्याले खोटं म्हनते."

"भुतासंगं राहून राहिला ना इतके वर्स? भूत दिसत नाही, म्हून राहता येते. माह्यं तोंड त रोज समोर हाये. माह्या हातचं कसा जेवन थो?" मग तिने माझं मनगट धरलं. "कोनाले सांगशीन त माह्यं मेलं तोंड पाहाशीन."

मला शपथ घातली तिने, आणि मी बांधली गेले. मला राग आला, दया आली, पुन्हा राग आला. बाई गं, म्हटलं, दोघं एका छपराखाली राहता, दोघंही त्याच एका ओच्या पायी मरून राहिलात, आणि मधे मी काय तोंडाला फडकं बांधून फिरू? पण मेलं तोंड पाहायची शपथ मोडायची माझी छाती झाली नाही. त्यानंतर हाक आली की मी मालकांची ओ ऐकायच्या आधी मोठीमायकडे बघायची. ती दर वेळी आपला तळहात आपल्याच तोंडावर दाबून धरायची.

पाळ पुरी झाली. शेवटच्या दिवशी सगळे पाळीवरच बसले, गूळ-पोहे वाटले, मोठीमाय घागरीतून पाणी देत फिरत होती. गावातला एक म्हातारा, तसा वाईट नाही, पण जिभेला हाड नसलेला, मामाजींना म्हणाला, "आता त वळनावळनावर चांगला बोंबलत होतास रे. तवा एक डाव बोंबलला असतास, त भाऊ आज इथं गूळ खात बसला असता."

सगळे पोहे खायचे थांबले. असं कोणी बोललं की मामाजी ठरलेलं उत्तर द्यायचे, "मीनं हाक देली होती," आणि उठून जायचे. मी त्याच उत्तराची वाट पाहत होते. मामाजींनी हातातला गूळ पानावर ठेवला.

"खरं हाये," ते म्हणाले. "नसन देली."

त्या म्हाताऱ्याच्या मिशा उपटाव्या असं वाटलं. लोकही ओशाळले. मी मोठीमायकडे पाहिलं. ती कोणाच्या तरी लोट्यात पाणी ओतत होती. लोटा भरून पाणी खाली वाहत होतं, त्या माणसाचं धोतर भिजलं, तरी ती ओततच होती.

माणसं उठली. फावडी-टोपल्या घेऊन मालक आणि बाकीचे पुढे गेले. रिकामी लंगडी तेवढी पाळीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची राहिली होती, तिथे ती खोलून रूळ परत जंगलात जायचे होते. मामाजींनी हल्ये जुंपले. हातावर कोणी नव्हतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी आणि मोठीमाय भांडी गोळा करत मागे होतो. लंगडी कुईं कुईं करत चालली आणि वळणाशी आली. मामाजी थांबले. सवय ती सवय. पाठ आमच्याकडेच, मान खाली, अगदी हळू हाक दिली त्यांनी.

"हायस का?"

थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग हल्ये हाकायला त्यांनी हात उचलला.

"ओऽऽ!"

मला वाटलं माझ्या शेजारी दुसरंच कोणी ओरडलं. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकलाच नव्हता. बारीक, धारदार, तळ्यावरून पलीकडे गेला आणि तिकडून परत आला. काठावरचे बगळे उडाले.

मामाजींचा हात वरच राहिला. मग ते वळले. त्यांना मागे पाहताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाळीच्या मधोमध मोठीमाय उभी, पदर पडलेला, घागर हातातून सुटून घरंगळत पाण्याकडे चाललेली. ते तिच्याकडे पाहत राहिले. मी मनात म्हटलं, देवा, आता जे व्हायचं ते होऊ दे.

"वयनी," ते म्हणाले, "म्हंजे मीनं हाक देली होती."

"देली होती," ती म्हणाली. "मीनं आयकली."

मामाजी रुळावरच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. हल्ये मान वळवून त्यांच्याकडे पाहत होते. मी वाट पाहत होते की आता राग येईल, आता ते उठतील, आता तिला काही बोलतील. तो राग त्या दिवशी आला नाही आणि पुढेही कधी आला नाही. पुढे कधी तरी मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तिनं काय केलं? जंगलात हाक आली, ओ देली. नसती देली त बाई कशाची?"

मोठीमाय त्यांच्याजवळ गेली नाही, लांबच उभी राहिली. शेवटी तेच उठले. धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि लंगडीच्या लाकडी हाताकडे बोट दाखवलं.

"बस, वयनी. वळन हाये."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी तिचा पदर तिच्या डोक्यावर दिला आणि तिला पुढे ढकलली, काय करणार? नवऱ्याच्या जागी ती अंग चोरून बसली, दोन्ही हातांनी लाकूड धरून. मामाजी पुढे गेले, दोर हातात घेतला.

"हायस काऽऽ?"

"ओऽऽ!"

तरी त्यांनी हल्ये हाकले नाहीत. मागे वळले, ती बसली आहे हे नीट पाहिलं, आणि मगच हाकले.